चार रात्री, एक दुर्बीण आणि भाचीने काढलेला बारका ठिपका

टेलिस्कोप नेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण या चार रात्रींबद्दल ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न तोच होता. नेली ती साधी 10x50 बायनॉक्युलर, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं 50 मिलिमीटरची. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, त्यामुळे हे भिंग डोळ्यापेक्षा जवळजवळ पन्नासपट जास्त प्रकाश गोळा करतं, आणि शिवाय एका वेळी साडेसहा अंश आकाश दिसतं, म्हणजे तेरा पौर्णिमेचे चंद्र एका ओळीत बसतील एवढं. टेलिस्कोपमधून एवढं मोठं आकाश एकदम दिसत नाही आणि शरदातल्या आकाशात नेमकं तेच लागतं, कारण इथल्या बऱ्याच भारी गोष्टी लांबरुंद आणि विखुरलेल्या आहेत.

सोबत आठवीतली भाची. तिच्या आईने "तुझ्या त्या ताऱ्यांना हिलाही ने, मोबाईलपासून तेवढीच सुटका" म्हणून पाठवली होती. मुक्काम एका डोंगरावरच्या पठारावर, दोन खोल्यांचं गेस्ट हाऊस, आजूबाजूला गाव नाही. ऑक्टोबरचा शेवट, पहिल्याच रात्री अमावस्या. प्लॅनिंग तेवढं एकच केलं होतं, बाकी सगळं देवावर.

पहिली रात्र

पोहोचलो सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास. ताडपत्री, दोन गाद्या, वही, लाल टॉर्च असं सगळं अंगणात मांडून बसलो, आकाश काचेसारखं स्वच्छ, आणि बरोब्बर सात वाजता अंगणातला हॅलोजन लागला. असला पांढरा फटफटीत की आमच्या सावल्या कंपाउंडच्या पलीकडे पडल्या.

केअरटेकर काकांना विनंती केली. ते म्हणाले, "दिवा लागतो, जनावर येतं." मी म्हटलं आम्ही जागेच आहोत. बराच घोळ झाल्यावर तह झाला की बारापर्यंत दिवा बंद, बारा वाजता चालू. "बारा म्हणजे बारा," काका म्हणाले. ठीक आहे म्हटलं, पाच तास मिळाले तरी खूप.

दिवा गेल्यावर अर्धा तास काहीच करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो आणि मधे एकदा जरी मोबाईलची स्क्रीन बघितली की मीटर परत शून्यावर. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली "म्हणजे डोळ्यांनाही चार्जिंग लागतं." हो, तसंच.

शरदातलं संध्याकाळचं आकाश पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा रिकामं वाटतं, हे खरंय. उन्हाळ्यातले अभिजित, श्रवण, हंस हा मोठा त्रिकोण पश्चिमेकडे कललेला असतो, मृग अजून उगवायचाय आणि मधल्या भागात ठळक तारा जवळजवळ नाहीच. आहे तो महाश्वाचा चौकोन, म्हणजे पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदाचे चार तारे. एका बाजूची लांबी साधारण पंधरा अंश, बायनॉक्युलरमध्ये अजिबात मावत नाही, पण सगळी वाट इथूनच सुरू होते. चौकोनाच्या आत नुसत्या डोळ्याने किती तारे मोजता येतात त्यावरून आकाश किती काळं आहे तेही कळतं. शहरातून मला एकही दिसत नाही. इथे मी सात मोजले, भाचीने अकरा. तिचे डोळे तरुण आहेत, सोडून दिलं.

आधी देवयानी. चौकोनाच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून निघायचं, एक तारा सोडून दुसऱ्या ठळक ताऱ्यावर थांबायचं, तिथून काटकोनात वळून दोन बारक्या ताऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या आणि दुसऱ्या पायरीच्या शेजारी एक पुसट लांबट डाग. देवयानी दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी. 25 लाख प्रकाशवर्षं. अल-सूफी नावाच्या इराणी खगोलज्ञाने 964 च्या सुमारास तिला छोटा ढग म्हणून नोंदवलंय, म्हणजे दुर्बीण निघायच्या साडेसहाशे वर्षं आधी, नुसत्या डोळ्याने. फोटोत ती चंद्राच्या सहापट लांब दिसते, पण आपल्याला दिसतो तो मधला उजळ गाभा आणि दोन्हीकडे विरत जाणारा धूर. सरळ तिच्याकडे रोखून बघितलं की ती बारीक होते, जरा बाजूला बघितलं की पसरते, कारण मंद प्रकाश पकडणाऱ्या पेशी डोळ्याच्या बरोबर मध्यावर नसतात, बाजूला असतात. भाची पाच मिनिटं गप्प आणि मग, "मामा, हे पुसलेलं वाटतंय. कोणीतरी आधी काढलं आणि मग बोटाने पुसलं." यापेक्षा चांगलं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

मग ययाती तारकासमूह. तिथला सगळ्यात ठळक तारा दुर्बिणीत घेतला की भोवती ताऱ्यांचा नुसता सडा पडलेला दिसतो, तो खरंच एक तारकागुच्छ आहे, साधारण साडेपाचशे प्रकाशवर्षांवरचा आणि इतका पसरट की टेलिस्कोपवाल्यांना त्यातलं काही कळतच नाही. भाचीला चित्रकलेची हौस, म्हणून तिला ययातीचं चित्र काढायला बसवलं. ठळक तारा मोठा ठिपका, मंद तारा बारीक ठिपका, कोपऱ्यात वेळ लिहायची. वेळ तिने लिहिली 11.30.

चित्र छान होतं, फक्त अल्गोलचा ठिपका तिने एवढुसा काढला होता, शेजारच्या मंद ताऱ्याच्या बरोबरीचा. अल्गोल ययातीतला दुसरा ठळक तारा. मी म्हटलं, "हा मोठा हवा गं." ती म्हणाली, "मला एवढाच दिसतोय." मी वर न बघता, हो, वर न बघता, खिशातला पेन काढून तिच्या ठिपक्यावर मोठा गोल काढला. पेन लाल होता आणि टॉर्चही लाल, लाल उजेडात लाल शाई कागदावर दिसतच नाही, त्यामुळे मला वाटलं पेन संपलाय आणि विषय तिथेच राहिला.

बारा वाजले. दिवा लागला.

दुसरी रात्र

दिवसभर झोप. संध्याकाळी जरा शहाणपणा करून दुर्बीण ट्रायपॉडवर लावली. दहा पट मोठं दिसतं तसा हाताचा थरकापही दहा पट मोठा होतो, पहिल्या रात्री तारे सगळे किड्यांसारखे वळवळत होते. अडॅप्टर म्हणून एक छोटा धातूचा तुकडा मिळतो तो बायनॉक्युलरच्या मधल्या स्क्रूला बसतो, आणि तो लावल्यावर जो फरक पडतो तो नवीन दुर्बीण घेतल्यासारखाच. डोक्यावरचं बघताना मात्र ट्रायपॉड कामाचा नाही, मानेचं वाट्टोळं होतं, तेव्हा सरळ आडवं व्हायचं आणि कोपर छातीच्या कडेला टेकवायचं.

पश्चिमेला श्रवण आणि अभिजितच्या मधे, श्रवणापासून तिसऱ्या हिश्श्याच्या अंतरावर, एक हँगर आहे. कपड्यांचा हँगर, शब्दशः. सहा तारे एका सरळ रेषेत आणि मधे चार ताऱ्यांचा आकडा. भाची आधी "काहीही" म्हणाली आणि मग किंचाळली. बरीच वर्षं त्याला खरा तारकागुच्छ समजायचे, पण हिपार्कोस उपग्रहाने अंतरं मोजल्यावर कळलं की हे तारे वेगवेगळ्या अंतरांवरचे आहेत, एकमेकांशी संबंध काही नाही, आपल्या बाजूने बघताना ओळीत आलेत एवढंच. "म्हणजे ग्रुप फोटोत घुसलेले अनोळखी लोक," इति भाची.

नंतर शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मधला जोडगुच्छ. शर्मिष्ठेचा तो एम, त्याच्या टोकाकडून ययातीकडे निघालात की अर्ध्या वाटेवर नुसत्या डोळ्यालाही एक धुकट ठिपका दिसतो, आणि दुर्बिणीत त्याचे शेजारी शेजारी दोन गुच्छ होतात, दोन मुठी साखर सांडल्यासारखे. साडेसात हजार प्रकाशवर्षं. वय जेमतेम दीड कोटी वर्षांच्या आतबाहेर, ताऱ्यांच्या हिशोबात अगदी तान्ही बाळं. मला वैयक्तिक विचाराल तर शरदात दुर्बिणीने बघायची एक नंबरची गोष्ट हीच, देवयानी दुसरी. देवयानी हे डोक्याने बघायचं प्रकरण आहे, अंतर माहीत असलं तरच अंगावर काटा येतो. जोडगुच्छाला माहितीची गरज नाही.

तिथून ध्रुवाच्या बाजूला सरकलं तर जिराफ म्हणून एक तारकासमूह आहे, ज्यात नुसत्या डोळ्याने दिसण्यासारखं जवळजवळ काही नाही. पण दुर्बिणीत तिथे वीसेक मंद ताऱ्यांची सरळ रांग आहे, पाच चंद्र लांब, जिन्यावरून पाण्याचे थेंब उतरावेत तशी. ल्युसियन केंबल नावाच्या कॅनडातल्या एका फ्रान्सिस्कन साधूने 7x35 च्या छोट्या बायनॉक्युलरमधून आकाश चाळताना ती शोधली, म्हणून तिला केंबलचा धबधबा म्हणतात. शोधताना मला वीस मिनिटं लागली आणि दोनदा वाटलं की सोडून द्यावं.

एम 33 मात्र सतावतो. त्रिकोण तारकासमूहातली ही दीर्घिका, 27 लाख प्रकाशवर्षं, कागदावर चांगली तेजस्वी वाटते पण तो सगळा प्रकाश इतक्या मोठ्या जागेत पसरलाय की आकाशाच्या काळ्यापेक्षा ती जेमतेम एक शेड उजळ. मला दिसली. म्हणजे मला वाटतं दिसली. दुर्बिणीला हळूच टिचकी मारून हलवलं तेव्हा एक फिकट धब्बा तिच्याबरोबर हलल्यासारखा झाला, डोळ्याला हलणारी मंद गोष्ट लवकर कळते म्हणून ही युक्ती करतात. भाचीला काहीच दिसलं नाही आणि तिने "दिसली दिसली" पण केलं नाही, याचं मला खरं तर कौतुक वाटायला हवं होतं, पण तेव्हा चिडचिडच झाली.

दहाच्या पुढे दव पडायला लागलं. आधी वही ओली, मग गादी, मग अचानक सगळे तारे फुगले आणि भोवती वलयं आली. भिंगांवर बाष्प. तोंडाने फुंकर मारायची नाही (मी मारली, अजून धुकं झालं), कापडाने पुसायचं नाही, दुर्बीण दहा मिनिटं जॅकेटच्या आत घालून बसायचं. पुढच्या बाजूला काळ्या कार्डशीटची नळी करून लावली तर बराच वेळ टिकते.

या सगळ्यात अकराच्या सुमारास ययातीकडे लक्ष गेलं आणि अल्गोल मस्त झगझगीत, देवयानी तारकासमूहाच्या टोकाच्या ताऱ्याच्या तोडीस तोड. "बघ," मी म्हटलं, "काल म्हटलं नव्हतं मोठा काढ?" भाचीने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि काहीच बोलली नाही.

बाराला दिवा. जाता जाता काका म्हणाले, "सापडलं का?" काय सापडायला हवं होतं ते मी विचारलं नाही.

तिसरी रात्र (खरं तर दिवस)

ढग. दुपारपासूनच पश्चिमेकडून भरून आलं आणि संध्याकाळी तर गोधडीच पसरली वर. पण या ट्रिपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट याच दिवशी झाली, आणि तीही भर उजेडात.

दुपारी भाची वही वाळत घालायला बाहेर घेऊन गेली आणि तिथूनच ओरडली, "मामा, माझ्या चित्रात हा लाल गोल कोणी काढला?" उन्हात लाल शाई ठळक दिसत होती. मी कबूल केलं. ती जाम चिडली. "तू मला म्हणालास दिसतं तेच काढायचं. मला तो शेजारच्या ताऱ्याएवढाच दिसत होता. काल मोठा दिसला, पण परवा नव्हता." मी काहीतरी समजावायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

अल्गोल. नाव अरबी, अर्थ राक्षसाचं, घूलचं डोकं. मला हे सगळं पाठ आहे. हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंद होतो, त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरते, म्हणजे प्रकाश तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतो, पाच तास उतरायला आणि पाच तास परत चढायला. कारण ते दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरणारे, त्यातला मोठा पण मंद तारा दर फेरीत तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो आणि त्याला अर्धवट झाकतो. ग्रहणच, फक्त नव्वदएक प्रकाशवर्षं लांबून बघितलेलं. जॉन गुडरिक नावाच्या इंग्रज मुलाने 1782 च्या नोव्हेंबरपासून रात्रीमागून रात्री नुसत्या डोळ्याने त्याची आजूबाजूच्या ताऱ्यांशी तुलना केली आणि 1783 मध्ये हा काळ काढला, वय वर्षं 18, लहानपणापासून बहिरा. कदाचित पुढून एखादा काळा गोळा जात असावा हा अंदाजही त्यानेच मांडला, आणि ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याची खात्री पटायला 1889 उजाडलं. हे मी लोकांना रंगवून रंगवून सांगतो. आणि परवा रात्री डोक्यावर ते चालू होतं, आठवीतली पोर कागदावर उतरवून दाखवत होती, तर मी तिचा ठिपका सुधारायला गेलो!

मी सगळं सांगितलं. तिने पेन्सिल घेतली. परवा 11.30, त्यात 2 दिवस 20 तास 49 मिनिटं, म्हणजे तीन दिवसांना 3 तास 11 मिनिटं कमी. "उद्या 8 वाजून 19 मिनिटं," ती म्हणाली. मी म्हटलं, तू बघितलंस तेव्हा तो अगदी तळाशीच होता असं नाही, तासभर इकडे तिकडे होऊ शकतं. "चालेल." मग लाल गोलापासून तिने एक बाण काढला आणि लिहिलं, हे मामाने काढलंय.

रात्री दर अर्ध्या तासाने दार उघडून बघत होतो. ढग. काकांनी दिवा सातलाच लावला होता, कशाला बंद करायचा.

चौथी रात्र

सकाळी पण ढग, दुपारी फाटले, चारला निम्मं आकाश निळं आणि सहाला एकदम स्वच्छ. असं होतं कधीकधी, माझ्या पुण्याईचा यात काही संबंध नाही, भाचीचा असेल.

पश्चिमेला तीन दिवसांची कोर. दुर्बिणीत कोरीच्या आतल्या बाजूला चंद्राचा न उजळलेला भागही फिकट राखाडी दिसत होता, पृथ्वीवरून परतलेल्या उन्हात, आणि कोरीच्या काठाला विवरं इतकी धारदार की बोट कापेल. आठच्या सुमारास ती मावळून गेली. इतर वेळी मी यावरच अर्धा तास घालवला असता पण आज दोघांचंही लक्ष ईशान्येकडे.

सातलाच अल्गोल मंद होता. क्षितिजाजवळचे तारे तसेही मंद दिसतात म्हणून मी आधी मान्य करायला तयार नव्हतो, पण शेजारचा तारा त्याच उंचीवर, त्याच दुर्बिणीत, फक्त दोन अंशांवर, तुलना करायला याहून सोपं काय असणार. साडेसातला अजून उतरला. आठला जवळजवळ सारखे. सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ, दोन ठिपके, जुळे. भाची दर पंधरा मिनिटांनी एक ओळ लिहीत होती आणि मला वही बघायला देत नव्हती. मी माझा अंदाज वेगळ्या कागदावर लिहायचा असा नवा नियम.

मधल्या वेळात बाकीचं आकाश. कृत्तिका वर आल्या होत्या, नुसत्या डोळ्याने सहा, दुर्बिणीत भाचीने बत्तीसपर्यंत मोजल्या आणि कंटाळली. पूर्ण गुच्छ एका नजरेत मावतो आणि भोवती काळं आकाश उरतं, म्हणून कृत्तिकांना टेलिस्कोप नकोच, बायनॉक्युलरच. मग वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा तारा दाखवला, तोही कमीजास्त होतो, 5 दिवस आणि 9 तासांत एक फेरी, पण त्याचं कारण वेगळं, तो स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. तो शोधला 1784 मध्ये, त्याच गुडरिकने. दोन वर्षांनी तो वारला, 21 व्या वर्षी. त्याच जातीचा एक तारा एडविन हबल या खगोलज्ञाला ऑक्टोबर 1923 मध्ये देवयानीत सापडला आणि त्यावरून अंतर काढल्यावर कळलं की तो पुसट डाग आपल्या आकाशगंगेतला नाहीच, ती आख्खी वेगळी दीर्घिका आहे. भाचीने मान वर केली आणि देवयानीकडे बघितलं, मग डेल्टाकडे, मग परत. "तो मुलगा मला आवडला असता," म्हणाली.

नऊला शंका. साडेनऊला मी म्हटलं चढतोय, ती म्हणाली नाही. पावणेदहाला तीही म्हणाली चढतोय. आता डोळ्यांसमोर उघडत होता तो, म्हणजे हालचाल दिसत नाही काही, घड्याळाच्या तासकाट्यासारखं, बघताना स्थिर आणि दहा मिनिटं दुसरीकडे बघून आलं की पुढे गेलेला. मधे एक उल्का गेली, मृगाच्या बाजूने आलेली, हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीचा कण असणार, त्या वर्षावाचा भर 21 ऑक्टोबरच्या आसपास होऊन गेलेला असतो पण उरलेसुरले येत राहतात. भाचीने ती बघितलीच नाही, वहीत डोकं.

साडेअकराला शेजाऱ्यापेक्षा कितीतरी ठळक झाला होता, पण देवयानीच्या टोकाच्या ताऱ्याइतका अजून नाही.

बारा वाजले. दिवा लागला.

आम्ही दोघेही एकदम ओरडलो. काका व्हरांड्यातून म्हणाले, "बारा वाजले." नियम म्हणजे नियम, बरोबर होतं त्यांचं. भाची डोळ्यांवर दोन्ही हात ठेवून तशीच उभी राहिली, सरावलेले डोळे वाचवायला, आणि म्हणाली, "काका, दहा मिनिटं प्लीज, अजून पूर्ण आलेला नाहीये."

काका पायऱ्या उतरून अंगणात आले, फाटकाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मग परत जाऊन दिवा बंद केला आणि अंधारातून विचारलं, "कोण यायचंय अजून?"